एक वाण, तीन नावे

जबलपूरच्या अधारताल भागात जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठ आहे. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या संशोधनातून निघालेले ‘जे. एस. ३३५’ हे सोयाबीनचे वाण १९९४ मध्ये प्रसारित झाले आणि विदर्भ-मराठवाड्याच्या शिवारांत घरच्यासारखे रुळले. ‘जे. एस.’ म्हणजे जवाहर सोयाबीन.

समजा, तालुक्याच्या खरेदी-विक्री संघात बियाण्याची नोंद संगणकावर होते. एका कारकुनाने ‘जे. एस. ३३५’ लिहिले, दुसऱ्याने ‘जेएस-३३५’, तिसऱ्याने नुसतेच ‘३३५’. माणसाला तिन्ही एकच. संगणकाला मात्र तीन वेगळी वाणे. ऐन पेरणीच्या तोंडावर ‘किती पिशव्या शिल्लक?’ असे विचारले, की उत्तर चुकलेच! आणि पाऊस काही हिशेब जुळेपर्यंत थांबत नाही.

उपाय सोपा आहे. नाव हाताने लिहू न देता ठराविक यादीतून निवडायला लावावे. पण ही यादी ठेवायची कुठे?

बियाण्याचे वर्ग मोजकेच असतात. पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळे लेबल, पायाभूतला पांढरे, प्रमाणितला निळे आणि सत्यप्रतला हिरवे. ही यादी सहसा बदलत नाही. म्हणून ‘या चारांखेरीज काही स्वीकारू नये’ असा नियम त्या रकान्यालाच घालून दिला तरी भागते.

वाणांचे तसे नाही. ३३५ च्या मागोमाग ९३-०५ आले, ९५-६० आले, पुढेही येत राहिले. दर वेळी नियम बदलायला जाणकाराला कोण बोलावणार? त्यापेक्षा वाणांचा स्वतंत्र तक्ता करावा. त्यात प्रत्येक वाणाचा क्रमांक, नाव आणि प्रसारणाचे वर्ष असावे. विक्रीच्या तक्त्यात फक्त क्रमांक नोंदवावा. नवे वाण आले की एक ओळ वाढवायची, नाव चुकले तर एकाच जागी सुधारायचे. यादीत नसलेला क्रमांक संगणक घेणारच नाही, अशी तजवीजही करता येते. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेली परस्परसंबंधित तक्त्यांची पद्धत अशा कामाला फार सोयीची आहे.

एक पथ्य मात्र पाळावे. एखादे वाण विकणे थांबले, तरी त्याची ओळ पुसू नये. पुढे ‘विक्री बंद’ एवढा शेरा मारावा. बियाणे उगवले नाही म्हणून शेतकरी पावती घेऊन दारात उभा राहिला, तर त्याला नेमके काय दिले होते, हे त्याच ओळीवरून कळणार असते.