दप्तर जाळायचं की वाचायचं?

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या विहारात बैठक झाली. विषय होता महार वतनाच्या जमिनी. एक तरणा पोरगा ताडकन उठला नि म्हणाला, "फेरफार, सनदा, सातबारा, सगळं त्यांच्याच हातचं. काडी लावा साल्या दप्तराला!" टाळ्या पडल्या. मीही वाजवली. पण रात्री झोप येईना.

कारण तेव्हा मी ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या जुन्या कॉलेजांच्या जमिनींचं वाचत होतो. आपल्याला कॉलेज म्हटलं की फी नि स्कॉलरशिपची रांग आठवते. पण ही कॉलेजं जमीनदार होती. ऑक्सफर्डचं मर्टन कॉलेज 1264 सालचं. गावंच्या गावं त्याच्या मालकीची झाली. कक्सहॅम हे त्यातलंच एक. तिथली कुळं बांधील. धन्याच्या परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही, धन्याच्या शेतात वेठ करायची, पोरीचं लग्न लावायचं तर धन्याला पैसा मोजायचा. त्या घामावर कॉलेजात तर्कशास्त्र नि धर्मशास्त्र चालायचं.

आता गंमत बघा. त्या गावचा हिशेब ठेवायची जबाबदारी बांधील कुळांतल्याच एकावर असायची. त्याला रीव्ह म्हणत. कक्सहॅमला 1311 पासून 1349 पर्यंत रॉबर्ट ओल्डमन नावाचा माणूस हे काम करत होता. किती गहू पिकला, किती मेंढरं मेली, मजुरी किती गेली, सगळं त्यानं सांगायचं. कारकुनानं ते लॅटिनमध्ये कातड्याच्या गुंडाळीवर उतरवायचं. माहिती गुलामाची, लेखणी धन्याची. आपल्याकडं काय वेगळं होतं? शिवेचा तंटा झाला की महाराची साक्ष काढायची नि कागदावर कुलकर्ण्यानं लिहायचं.

1349 च्या प्लेगात ओल्डमन मेला. गावंच्या गावं ओस पडली. राबायला माणूस मिळेना, म्हणून उरलेल्यांची मजुरी वाढली. सरकारनं लगेच 1349 नि 1351 मध्ये फर्मानं काढली, मजुरी प्लेगच्या आधीइतकीच घ्यायची! काही वर्षांतच मर्टननं कक्सहॅमची घरची शेती सोडून ती खंडानं लावली. खदखद मात्र राहिली. जून 1381 मध्ये ती फुटली. केंब्रिजला लोक कॉर्पस क्रिस्टी कॉलेजात घुसले, कारण शहरातल्या घरांचं भाडं ते कॉलेज वसूल करायचं. विद्यापीठाच्या सनदा नि कागदपत्रं भर बाजारात जाळली. मार्जरी स्टार नावाच्या म्हातारीनं ती राख वाऱ्यावर उधळली नि पंडितांची विद्या मातीत जावो म्हणून ओरडली, अशी नोंद आहे. वाचताना ती म्हातारी मला माझी आजीच वाटली.

तुम्ही म्हणाल, मग आमचा पोरगा चुकला कुठं? बाबासाहेबांच्या महाडच्या सत्याग्रहात 25 डिसेंबर 1927 ला मनुस्मृती जाळलीच ना?

जाळली. आणि बरोबर जाळली. पण मनुस्मृती हा हुकूम आहे. दप्तर हा पुरावा आहे. हुकूम जाळावा. पुरावा जाळला की चोर सुटतो.

1381 चा उठाव चिरडला गेला. कॉलेजं जमीनदारच राहिली. जुने कागद जळले म्हणून काय, नवे लिहिले गेले. 1571 च्या कायद्यानं कॉलेजच्या शेतजमिनीचा पट्टा जास्तीत जास्त 21 वर्षांचा, नाहीतर तीन जिवांचा ठरला, म्हणजे कागदावर नाव घातलेली तीन माणसं जगतील तोवरचा. भाडं जुनंच, किरकोळ. पण पट्टा वाढवायच्या वेळी एकरकमी नजराणा घ्यायचा नि कॉलेजच्या फेलोंनी तो आपसांत वाटायचा. 1576 चा कायदा त्याहून पक्का. भाड्याचा तिसरा हिस्सा धान्यात किंवा धान्याच्या बाजारभावानं. म्हणजे महागाई कितीही वाढो, कॉलेजचं ताट भरलेलं. आणि मजुराची मजुरी? ती 1563 च्या कायद्यानं मॅजिस्ट्रेट ठरवणार. धन्याला महागाई भत्ता, मजुराला ठेंगा!

हे सगळं आपल्याला आज कसं कळतं? गुंडाळ्या शिल्लक राहिल्या म्हणून. एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डचाच प्राध्यापक थॉरॉल्ड रॉजर्स या हिशेबांत घुसला. गव्हाचा भाव काय, सुताराची रोजची मजुरी काय, एकेक आकडा त्यानं उपसला. 1866 पासून त्याचे खंड निघाले. 1884 च्या पुस्तकात त्यानं मांडलं की पंधराव्या शतकातल्या मजुराच्या मजुरीत जेवढं धान्य यायचं, तेवढं पुढच्या पिढ्यांच्या मजुरीत येईना, आणि हे दारिद्र्य दैवानं आलेलं नाही, कायदे करून आणलेलं आहे. त्याच्या जहाल राजकारणामुळं 1868 मध्ये त्याची प्राध्यापकी गेली. पण त्याचे आकडे मार्क्सनं 'कॅपिटल'मध्ये वापरले. धन्याच्याच वहीतून धन्यावर आरोपपत्र!

दप्तर खोटं बोलतं, हे मलाही ठाऊक आहे. त्यात आपल्या आयाबायांची नावं नसतात. पण खोटं बोलणाऱ्या साक्षीदाराची उलटतपासणी घेता येते. मेलेल्याची घेता येत नाही.

आता आपल्या घरात या. महार वतन म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची वेठ, हे ओळखून बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कौन्सिलात बिल आणलं. वतनं खालसा करणारा कायदा 1958 चा, अंमल 1 फेब्रुवारी 1959 पासून. जमीन परत मिळाली ती शर्तीवर, कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही अशी. तरी कितीतरी ठिकाणी ती आपल्या हातात राहिली नाही. कशी गेली ते कुठं लिहिलंय? दप्तरातच.

मी आमच्या वतनाचा जुना कागद मागायला कचेरीत तीन खेपा घातल्या. पहिल्यांदा साहेब नव्हते. दुसऱ्यांदा कागद जीर्ण झालेला. तिसऱ्यांदा तो निघाला, तर मोडीत! मी एम.ए. झालेला माणूस, आज्याच्या नावाकडं आंधळ्यासारखा बघत उभा. कारकून हसला. त्या दिवशी मला कळलं, आपल्याला दप्तर वाचता येऊ नये यातच त्यांचं भलं आहे. दप्तर वाळवीनं खाल्लं तर त्यांचं काम फुकटात होतं. मग आपण कशाला काडी लावायची?

म्हणून त्या पोराला मी परवा गाठलं. म्हटलं, भावा, काडी खिशात ठेव. आधी मोडी शिकू. रविवारी दोन तास, विहारातच. मग गावाचं नाव, गट नंबर लिहून रीतसर अर्ज करू, नकला घेऊ, वस्तीत भिंतीवर लावू.

तो आला. सोबत चौघांना घेऊन आला. तुम्ही कधी येताय?