ओझामाकाठचा जुना रस्ता

प्रस्तुत प्रवासविशेषांकाच्या आरंभी वाचकांना आम्ही सांतो दोमिंगोच्या ‘काये दे लास दामास’ या रस्त्यावर, तेही पायी, नेऊ इच्छितो. १५०२ साली निकोलास दे ओवान्दो या स्पॅनिश सुभेदाराने ओझामा नदीच्या पश्चिम तीरावर हे नगर नव्याने वसविले, आणि पुढे कोलंबसाचा पुत्र दिएगो त्या पदावर आल्यानंतर त्याची पत्नी मारिया दे तोलेदो हिच्या परिवारातील स्त्रिया येथे फिरावयास येत, म्हणून रस्त्यास त्यांचे नाव पडले. घोडागाडीतून जाणाऱ्यास जे कधीच उमगणार नाही ते येथील जुन्या भिंतींच्या चिऱ्यांत आहे: प्रवाळमिश्रित चुनखडीच्या त्या खरबरीत अंगावरून हात फिरविला, म्हणजे कोणे एके काळच्या समुद्रतळाची खूण बोटांस लागते. सरकारी कचेऱ्यांच्या जुन्या वाड्यासमोर १७५३ सालचे सूर्यघटिकायंत्र अद्याप उभे आहे.

परंतु येथील ज्या मूळ रहिवासी तैनो रयतेच्या वेठीवर हा अंमल पोसला गेला, तिची लाकडाची नि गवताची घरे मात्र नामशेष झाली, आणि त्या स्मरणावाचून ही पदयात्रा आम्हांस अपुरी वाटते. १५११ च्या डिसेंबरात आन्तोनियो दे मोंतेसिनोस या धर्मोपदेशकाने याच नगरात, खुद्द दिएगो समोर बसला असता, ही माणसे नव्हेत काय, असा सवाल केला. शब्द मागे घेण्याविषयी दरबारातून दडपण आले, तेव्हा पुढच्या रविवारी त्याने तेच अधिक कठोरपणे सांगितले.