कोड खुला, खाते बंद

जुलै २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे इराण, सीरिया आणि क्रायमियातल्या अनेक प्रोग्रॅमरांना गिटहबवरची स्वतःची खासगी रिपॉझिटरी उघडेना. कोड उतरवून घ्यायला मुदतही मिळाली नाही, अशी तक्रार त्यांच्यापैकी कित्येकांनी केली. सार्वजनिक रिपॉझिटरी मात्र चालू राहिल्या. इराणपुरती ही अडचण दूर व्हायला जानेवारी २०२१ उजाडला. तेव्हा कुठे अमेरिकी अर्थखात्याचा परवाना गिटहबच्या हाती आला.

या घटनेवरून ‘ओपन सोर्सवरही बंदी येते’ असा निष्कर्ष काढणे चूक आहे. सर्वांसाठी प्रसिद्ध केलेला सोर्स कोड अमेरिकेच्या निर्यात नियमांतून बहुतांशी बाहेर असतो, आणि ही मोकळीक भांडून मिळवलेली आहे. १९९० च्या दशकात भक्कम एन्क्रिप्शन तिथे युद्धसामग्रीत मोडत असे. पीजीपी हा एन्क्रिप्शन प्रोग्रॅम लिहिणाऱ्या फिल झिमरमन यांच्यामागे त्यावरून तीन वर्षे चौकशीचा ससेमिरा होता. छापील पुस्तकाला निर्यातबंदी लागू नव्हती, म्हणून १९९५ मध्ये पीजीपीचा सगळा कोड एमआयटी प्रेसकडून पुस्तकरूपात छापून घेण्यात आला. डॅनियल बर्नस्टाइन विद्यार्थिदशेतला आपला एन्क्रिप्शनचा कोड घेऊन न्यायालयात गेले, आणि सोर्स कोड ही अभिव्यक्तीच आहे हे १९९६ मध्ये जिल्हा न्यायालयाकडून मान्य करून घेतले. डेबियन या लिनक्स वितरणाला त्या काळात एन्क्रिप्शनची पॅकेजे अमेरिकेबाहेरच्या सर्व्हरवर, ‘नॉन-यूएस’ नावाच्या वेगळ्या विभागात ठेवावी लागत.

कोड असा सुटला. पण खाते, सर्व्हर आणि प्रकल्पातली जागा यांना हे संरक्षण नाही. त्या सेवा आहेत, आणि सेवा देणारी संस्था ज्या देशात नोंदलेली असते त्या देशाचा कायदा तिला पाळावाच लागतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्स कर्नलच्या मेंटेनर यादीतून रशियाशी संबंधित सुमारे डझनभर नावे वगळली गेली, तेव्हा कर्नलच्या जीपीएल लायसन्सचा भंग झाला नाही. ती माणसे आजही कोड वाचू शकतात, बदलू शकतात, वाटू शकतात. यादीतल्या नावावर मात्र लायसन्स कुणालाच हक्क देत नाही.

लिनक्स फाउंडेशनने कायदा पाळला याबद्दल आमची तक्रार नाही. ज्या रीतीने पाळला ती रीत आम्हाला अमान्य आहे. नावे वगळणाऱ्या बदलासोबतच्या टिपणीत नियमपालनाचा मोघम उल्लेख होता. नियम कोणता, हे त्यात नव्हते. ज्यांची कंपनी अमेरिकी निर्बंधांच्या यादीत आहे त्यांनाच हे लागू आहे, हा खुलासा गदारोळ झाल्यावर आला. वर्षानुवर्षे पॅच तपासणाऱ्या सहकाऱ्याला एवढे आधी सांगणे अवघड नव्हते. उघड चर्चा हा ज्या प्रकल्पाचा प्राण, त्याने तरी असे वागायला नको होते. याउलट रिस्क-फाइव्ह या खुल्या प्रोसेसर-रचनेच्या संस्थेने वेळीच शहाणपण दाखवले आणि २०२० मध्ये आपली नोंदणी स्वित्झर्लंडला हलवली.

भारतावर असे निर्बंध नाहीत, मग आपण का काळजी करावी? जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाचे निर्बंध आले आणि मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जीच्या मायक्रोसॉफ्ट सेवा काही दिवस थांबल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली. निर्बंध युरोपचे, पुरवठादार अमेरिकी, अडले ते भारतातले काम. महासंगणकासाठी अमेरिकेने अडवणूक केल्यावर १९८८ मध्ये सी-डॅक ही सरकारी संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये तिचा ‘परम ८०००’ महासंगणक तयार झाला, हा इतिहास तर पुण्यातलाच आहे.

गिटच्या प्रत्येक क्लोनमध्ये पूर्ण इतिहास असतो, या भरवशावर आपण निर्धास्त असतो. पण इश्यू, पुल रिक्वेस्टवरची चर्चा, रिलीजच्या फायली, सीआयमध्ये ठेवलेल्या किल्ल्या यांतले काहीच क्लोनमध्ये येत नाही. पॅकेजे तर आपले बहुतेक बिल्ड दर वेळी परदेशी रजिस्ट्रीवरून ओढतात. तेव्हा लागणाऱ्या पॅकेजांचा मिरर आपल्याच यंत्रावर ठेवा, इश्यूंची प्रत नियमित उतरवून घ्या, आणि प्रकल्पाच्या प्रशासकीय किल्ल्या एकाच देशातल्या माणसांकडे असतील तर त्या वाटून द्या.

या महिन्यात आपल्या एका तरी प्रकल्पाचा बिल्ड बाहेरचे इंटरनेट तोडून करून पाहा, आणि तो कुठे अडला ते आम्हाला लिहून कळवा.