जुन्या मोटारीचा पहिला खर्च

तुरीचे किंवा कापसाचे पैसे हाती आल्यावर, त्यांतून घरखर्च, सोसायटीचे देणे आणि पुढच्या पेरणीची तजवीज वजा जाता जी काही रक्कम शिल्लक राहील, तिच्यातून वीस वर्षांची जुनी, परंतु अंगचीच चपळ असलेली एखादी मोटार विकत घ्यावी आणि गावातल्याच मिस्त्रीच्या हातून ती अधिक वेगवान करून घ्यावी, अशी आकांक्षा बाळगणारे तरुण आज अंजनगाव सुर्जीसारख्या तालुक्याच्या गावीही आढळतात. या हौसेस उधळपट्टी म्हणून मोडीत काढणारी वडीलधारी मंडळीही पुष्कळ आहेत. मी त्यांच्यापैकी नाही. यंत्राचे अंतरंग समजून घेऊन ते स्वतःच्या हाताने सुधारण्याची इच्छा आदरास पात्र आहे. माझे म्हणणे एवढेच की, पैसा मोजका असताना तो कशावर आधी खर्चावा याचा क्रम आज उलटा लागलेला आहे, आणि तो तसा लागण्यास तरुणांच्या उतावळेपणाइतकेच सरकारचे मौनही कारणीभूत आहे.

उदाहरणादाखल मारुतीची एस्टीम घेऊ. 1994 पासून 2007 पर्यंत ही गाडी आपल्याकडे निघत होती. 1298 घनसेंटिमीटरचे इंजिन, इंधन-इंजेक्शन आल्यानंतरची 85 अश्वशक्ती आणि नऊशे किलोंच्या आसपासचे वजन एवढा तिचा ऐवज. परंतु शक्तीच्या मानाने अंग हलके असल्यामुळे ती ज्या तत्परतेने उचल घेते, ती तत्परता आजच्या कित्येक जडशीळ गाड्यांत सापडत नाही. याच कुळातले इंजिन जिप्सीतही बसत असे, त्यामुळे सुटे भाग अद्यापि मिळतात आणि तालुक्याच्या मिस्त्रीला ते खोलता-जोडताही येते. अशा गाडीत शक्तीची वाण मुळातच नसते. वाण असते ती वीस वर्षांत झिजलेल्या, कडक झालेल्या आणि गळणाऱ्या भागांमुळे हरपलेल्या मूळच्या गुणांची.

अपुऱ्या साधनांतून उत्तम गाडी घडविण्याची परंपरा जगात आणि आपल्या देशातही आहे. पुढे लोटस हा नामांकित कारखाना उभा करणाऱ्या कॉलिन चॅपमन यांनी 1948 साली आपली पहिली गाडी घडविली ती एका जुन्या ऑस्टिन सेव्हनच्या सांगाड्यावर, आणि वजन कमी करण्याचा आग्रह त्यांनी जन्मभर सोडला नाही. आपल्याकडे, परदेशी गाडी आयात करणे सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यापलीकडचे होते त्या काळी, मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या लष्करी धावपट्टीवर होणाऱ्या शर्यतींत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या फियाट आणि मद्रासेतच बनणाऱ्या स्टँडर्ड हेरल्ड गाड्या हाताने सुधारून उतरविल्या जात. त्या माणसांपाशी पैसा बेताचाच होता, पण गाडी वळली पाहिजे आणि थांबली पाहिजे हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आमच्याकडे मात्र पहिला खर्च होतो तो सायलेन्सर काढून मोकळी नळी बसविण्यावर; दुसरा, गाडी जमिनीला टेकल्यासारखी दिसावी म्हणून स्प्रिंगा कापण्यावर; आणि तिसरा रुंद चाके व डिकीत ठेवायची आवाजाची अवजड पेटी यांवर. यांपैकी स्प्रिंग कापणे मला सर्वांत घातक वाटते. कापलेली स्प्रिंग आखूड होते तशीच कडकही होते. तिला सावरण्याची ताकद मूळच्या शॉकअपमध्ये नसते, आणि गाडी खड्ड्यात उतरली की स्प्रिंगची चाल संपून आघात थेट सांगाड्यावर बसतो. त्यातून आमचा मुलूख काळ्या जमिनीचा. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता दोन-चार वर्षांत लाटांसारखा वरखाली होतो. अशा रस्त्यावर ठेंगणी गाडी वेगाने नेली असता तिचे चाक क्षणाक्षणाला जमीन सोडते, आणि जमीन सुटलेल्या चाकाला वळविता येत नाही की थांबविताही येत नाही.

म्हणून थोड्या पैशांतला पहिला पैसा टायरांवर जावा. जुनी गाडी घेताना टायरची नक्षी पाहून लोक समाधान मानतात; परंतु टायरच्या बाजूवर, लंबगोल चौकटीत चार आकडे कोरलेले असतात, ते गुडघे टेकून वाचावेत. 2316 असे असेल तर तो टायर 2016 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. मग त्याची नक्षी कितीही खोल दिसो, अंगठ्याच्या नखाने दाबून पाहिल्यास रबर लाकडासारखे कठीण लागेल आणि काठाजवळ बारीक चिरा दिसतील. असले टायर ओल्या रस्त्यावर पकड घेत नाहीत. मूळ मापाचे चार नवे टायर घ्यावेत. त्यांना लागणारा पैसा रुंद अलॉय चाकांच्या किमतीपेक्षा कमीच असतो.

त्यानंतर ब्रेक. ज्या गाविलगडाच्या पाडावानंतर पंधरवड्यात, 30 डिसेंबर 1803 रोजी, अंजनगाव-सुर्जीचा तह झाला, त्या किल्ल्याच्याच डोंगररांगेत चिखलदरा आहे, आणि नवी गाडी घेतलेल्या प्रत्येक तरुणाची पहिली स्वारी तिकडेच निघते. परतवाड्याहून चढताना इंजिनाची परीक्षा होते. उतरताना, सुमारे सातशे मीटरांच्या उतारावर, ब्रेकची होते. गाडीचा वेग ताशी साठवरून ऐंशीवर गेला की तिला थांबविण्यासाठी जिरवावी लागणारी ऊर्जा पावणेदोन पटींहून अधिक होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आता ब्रेक ऑइलचा धर्म असा की ते हवेतली आर्द्रता शोषून घेते. सामान्य प्रतीचे नवे ऑइल 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलेले तेच ऑइल 140 अंशांच्या सुमारास उकळू लागते. नळीत वाफ होते, आणि वळणावर पाय दाबताच पेडल तळाला जाते. दोन वर्षांनी एकदा हे ऑइल बदलण्यास फार थोडा खर्च येतो. तरीही मी पाहिलेल्या बहुतेक जुन्या गाड्यांत ते चहासारखे काळपट झालेले असते.

उष्णता हा आमच्या प्रांताचा आणखी एक शत्रू. अकोला-अमरावतीचा पारा ऐन उन्हाळ्यात 45 अंशांपलीकडे जातो. अशा वेळी गाळाने भरलेला रेडिएटर, थकलेला थर्मोस्टॅट आणि कूलंटऐवजी बोअरचे क्षारयुक्त पाणी यांवर चालणारे इंजिन अधिक ताणले, तर हेड गॅस्केट जाणारच. शिवाय आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि वीस वर्षांपूर्वीच्या गाडीतल्या रबरी नळ्या त्यासाठी घडविलेल्या नाहीत. टाकीपासून इंजिनापर्यंतची प्रत्येक नळी बदलावी. पेट्रोलची गळती ही आगीची पूर्वतयारी आहे. हे सारे झाल्यावरही पैसे उरले, तर बुश, नवे शॉकअप आणि अलाइनमेंट यांवर लावावेत. इंजिनाला हात सर्वांत शेवटी.

आता सरकारविषयी. मोटार वाहन अधिनियमाचे कलम 52 मूळ नोंदणीशी विसंगत असा फेरफार करण्यास मनाई करते. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मनाई अधिक ठामपणे सांगितली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफारास पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी शिक्षा ठरविली. या कडकपणामागचा हेतू मला मान्य आहे. परंतु त्याच दुरुस्तीने केंद्र सरकारला फेरफारांची मानके आणि मंजुरीच्या अटी ठरविण्याचा अधिकारही दिला आहे. गॅस-किटसाठी तशी व्यवस्था आहे, जुन्या गाडीत विजेची मोटर बसविण्यासाठीही आहे. मग अधिक चांगल्या ब्रेकसाठी किंवा शॉकअपसाठी ती का नसावी? आज सायलेन्सर काढणारा आणि सुरक्षिततेसाठी मोठी डिस्क बसविणारा, दोघेही कायद्यापुढे सारख्याच धास्तीत उभे असतात. आणि धास्ती सारखीच असेल तर तरुण मन दिखाऊ गोष्टच निवडणार.

जुन्या गाडीकडून सरकार पैसा घेण्यात मागे नाही. पंधरा वर्षांनंतर नोंदणी नूतन करण्याचे शुल्क 2022 मध्ये सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले, 2025 मध्ये वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते दहा हजार झाले, आणि पर्यावरण कर निराळाच. जो मालक एवढे भरतो, त्याला काय करण्याची मुभा आहे हे स्वच्छ मराठीत सांगण्याचे ऋण परिवहन खात्यावर राहते. पुण्यात 1966 पासून एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था आहे. ब्रेक, शॉकअप आणि चाके यांची चाचणी तिच्या नित्याच्या कामापैकीच आहे. राज्याच्या परिवहन खात्याने केंद्राकडे आग्रह धरून, या संस्थेकडून तपासलेल्या भागांची यादी तयार करवावी, ती आपल्या तालुक्यांतल्या शिबिरांत लावावी, आणि गावोगावच्या मिस्त्र्यांना ते भाग बसविण्याचे प्रशिक्षण द्यावे. अंजनगावच्या तरुणांना माझे सांगणे एवढेच की, त्या यादीची वाट पाहू नका. टायर आणि ब्रेक ऑइल बदलण्यास आजही कोणाचा परवाना लागत नाही.