न बोलता जेवलेली पंगत

आमच्या पिढीला पंगतीचा एक संस्कार आहे. शेवटच्या पानावर मिठापासून भातापर्यंत सारे वाढून होईपर्यंत पहिल्या पानावरचा हात हलत नाही. हा संस्कार बरोबर घेऊन मी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत टोकियोतील रामेनच्या एका दुकानात बसलो आणि फजीत पावलो.

आम्ही तिघे इंदूरच्या शाळेत एका बाकावर बसणारे. त्यांपैकी एक अभियंता होऊन तीस वर्षांपूर्वी जपानात गेला आणि तिकडचाच झाला. चार वर्षांपूर्वी त्याची पत्नी वारली. मुलगी आपल्या संसारात, दूर ओसाकाला. ‘एकदा येऊन जा रे’, असे तो फोनवर दोनदा म्हणाला, तेव्हा आम्ही उरलेले दोघे निघालोच. तीन दिवस त्याने देवळे आणि उद्याने दाखविली. चौथ्या दिवशी मी म्हटले, ‘‘आता तू रोज जिथे जेवतोस तिथे ने.’’ तो जरा घुटमळला.

अडचण उघड होती. आम्ही दोघे शाकाहारी. रामेन म्हणजे गव्हाच्या शेवया आणि त्यांवर कढत रस्सा. आणि हा रस्सा डुकराची अथवा कोंबडीची हाडे तासन्‌तास उकळून केलेला. दिसायला केवळ भाज्यांचा वाटला तरी त्यात बहुधा सुकविलेल्या माशाचा अर्क असतो. तिकडे जाणाऱ्या वाचकांनी हे ध्यानात ठेवावे. ‘मांस नाही ना?’ एवढ्या प्रश्नाने भागत नाही. मित्राने दुकानदाराशी आधी बोलून ठेवले आणि मगच आम्हांस नेले.

दुकान ते केवढे! एक लांब फळी, तिच्यापुढे नऊ बैठका, पलीकडे चूल आणि एकटा दुकानदार. दाराशी यंत्र, त्यात पैसे टाकून कळ दाबावी, चिठ्ठी घ्यावी, ती फळीवर ठेवावी. जपान्यांचे म्हणून जगभर गाजलेले हे अन्न मूळचे चिनी. १९१० साली टोकियोच्या असाकुसा भागात ‘राइराइकेन’ नावाचे दुकान निघाले, त्याचा मालक जपानी होता, पण आचारी योकोहामाच्या चिनी वस्तीतून आणलेले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईत अमेरिकेचा गहू आला आणि या शेवया गोरगरिबांच्या पोटाचा आधार झाल्या. आपल्या मुलांना ठाऊक असलेला झटपट प्रकार मात्र १९५८चा. तो मोमोफुकु आंदो यांनी काढला.

शेवया पिवळसर आणि चिवट. त्यात हळद नसते. ‘कान्सुइ’ नावाचा खार घालून पीठ भिजवितात. आपल्या पापडखाराचा हा जवळचा नातलग! हे ऐकल्यावर तो पदार्थ मला एकदम ओळखीचा वाटू लागला.

माझा वाडगा प्रथम आला. निराळ्या पाण्यात उकडलेल्या शेवया, वर सोयाबीनचा खारट रस, तिळाचे तेल आणि कांद्याची पात, रस्सा नाही. मी हात मांडीवर ठेवून इतरांची वाट पाहू लागलो. दुकानदार दोनदा माझ्याकडे पाहून गेला. शेवटी मित्र कानाशी म्हणाला, ‘‘अरे, सुरू कर. शेवया फुगल्या की त्याची मेहनत वाया जाते. त्याला वाटतंय, तुला आवडलं नाही.’’

मी सुरू केले. दोन्ही बाजूंनी भुरक्यांचा आवाज येत होता. कढीचे भुरके मारणाऱ्या मुलांना डोळे वटारण्यात माझी तीस वर्षे गेली. इथे कोट-टाय घातलेले गृहस्थ वाडग्यावर ओणवून मोकळेपणाने भुरके मारीत होते. भुरक्याबरोबर वारा आत जातो, शेवया निवतात आणि वासही खुलतो, असे मित्राने नंतर सांगितले. माझ्या आजोबांचेही कढीबाबत हेच म्हणणे असे. आजीला ते कधी पटले नाही.

परंतु कोणी बोलेना. आम्ही चाळीस वर्षांच्या गप्पा साठवून गेलेलो, आणि पंधरा मिनिटांत वाडगे रिते! दाराबाहेर माणसे उभी होती. उठणे भाग होते. दुकानदाराने मित्राला काही न विचारता अर्धे उकडलेले अंडे त्याच्या वाडग्यात सोडले होते, एवढे मी पाहिले.

बाहेर आल्यावर मी जरा कुरकुरलो, ‘‘मित्रांनी जेवायला यावे अशी ही जागा नव्हे रे.’’

‘‘नाहीच’’, तो म्हणाला. ‘‘ती गेल्यावर पहिले काही महिने मी चांगल्या उपाहारगृहांत जात असे. चार खुर्च्यांचं टेबल, आणि समोर तीन रिकाम्या. इथे सगळेच एकेकटे येतात. इथे एकटा बसलेला माणूस एकटा दिसत नाही.’’

आम्ही दोघांनी काही उत्तर दिले नाही. कोपऱ्यावरच्या यंत्रातून त्याने चहाचे तीन गरम डबे काढले. थंडी होती, डबे तळहातांत धरून आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. मग त्यानेच विचारले, ‘‘सराफ्यात अजून रात्री तशीच गर्दी होते का रे? भुट्ट्याचा कीस खायला?’’

आणि तिथून जे बोलणे सुरू झाले ते शेवटची गाडी चुकेपर्यंत थांबले नाही.