जुनी गिअरची सायकल : तीन हजार द्यावेत काय?

गेल्या रविवारी सकाळीच आमच्या शेजारचा एक मुलगा दारात आला. "काका, जरा चला ना, एक सायकल बघायची आहे." तळोज्याच्या एमआयडीसीत त्याला नुकतेच कंत्राटी काम लागले आहे. पहिली पाळी असली की पहाटे रिक्षा मिळत नाही, मिळाली तर भाडे परवडत नाही. नवीन पनवेलला एका इमारतीत जाड टायरची जुनी गिअरची सायकल विकायला होती. मागणी ३,००० रुपये. मुलाच्या आईने भिशीचे पैसे काढून ठेवले होते. आम्ही फूटपट्टी, लोहचुंबक आणि एक फडके घेऊन निघालो.

मालक म्हणाला, "जुना माल आहे साहेब, असे लोखंड आता मिळत नाही." ही डोंगरी सायकल मूळ कॅलिफोर्नियाची. १९७० च्या दशकात तिथली पोरे जुन्या सायकली डोंगरउतारावरून पिटाळत, त्यातून ती जन्मली. आपल्याकडे नव्वदच्या दशकात हिरोच्या ‘रेंजर’ने पोरांना वेड लावले. आज अशा जुन्या सायकलींचे शौकीनही आहेत. पुण्यात विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचे संग्रहालयच उभे केले आहे. पण संग्रहालयातली सायकल वेगळी आणि सकाळी सातच्या ड्युटीची वेगळी.

आधी फ्रेम आणि चिमटा बघावा, कारण बाकी सगळे बदलता येते. हँडलखालच्या सांध्यावर फडके फिरवून रंगाला सुरकुती किंवा चीर आहे का ते पाहावे. असेल तर सायकल समोरून जोरात आपटलेली आहे. चिमटा बाजूने पाहावा, मागे दबला असेल तर तसेच समजावे. सीटचा दांडा वरखाली होतो का तेही बघावे. आपल्याकडच्या पावसात तो गंजून आत धरतो, मग हातोड्यानेही निघत नाही.

मग चेन. तिच्या १२ पूर्ण जोड्या, म्हणजे २४ पिना, नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंच भरतात. फूटपट्टी लावून १२ इंचांवर अष्टमांश इंच जास्त भरले, तर चेन गेलीच, बहुधा मागचे दातेही गेले. तो खर्च किमतीतून वजा करावा. गिअर नुसते बिघडले असतील तर मात्र घाबरू नये. तळोज्याच्या सपाट रस्त्याला एक गिअरही पुरतो. मागच्या चाकाची खाच आडवी असेल तर साधे फ्रीव्हील बसवून चेन ताणता येते.

रीमला लोहचुंबक लावावे. चिकटला तर रीम पोलादी, म्हणजे पावसात ब्रेक उशिरा लागणार. कळंबोलीला मागेपुढे ट्रेलर असताना हे विसरून चालत नाही. टायरवरचा आकडाही वाचावा. २६ × १.९५ चा टायर २६ × १ ३/८ च्या रीमवर बसत नाही. दोन्ही ‘सव्वीस’च म्हणवतात आणि माणूस फसतो.

सर्वांत शेवटी कागद. पायडलच्या धुरीखाली फ्रेमवर नंबर ठोकलेला असतो. बिल नसेल तर तो नंबर घालून विकणाऱ्याची सही असलेली पावती घ्यावी. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे (पूर्वी दंडविधानाचे ४११). स्टेशनबाहेर कुणी ‘माझी सायकल’ म्हणून हात धरला, तर झोपडपट्टीतल्या पोराचे कोण ऐकतो, हे वाचकांना आम्ही सांगायला नको.

त्या सायकलीचा रंग हँडलखाली सुरकुतला होता, आणि पावतीचे नाव काढताच मालकाची बोली एकदम दोन हजारांवर आली. आम्ही नको म्हटले. मुलगा वाटेभर बोलला नाही. भिशीचे पैसे परत डब्यात गेले. त्याची आईही जराशी नाराज दिसली, ती आमच्यावर की सायकलीवर, ते कळले नाही.

बुधवारी संध्याकाळी तोच दारात उभा. खांदा कॉलनीत दुसरी एक आहे म्हणाला, आणि आमची फूटपट्टी मागितली.