रेसची सायकल आणि पवईचा चढ

पवईहून एका ताईंनी विचारले आहे. मुलगा सतरा वर्षांचा, पहाटे पेपरची लाईन टाकतो. साठवलेल्या पैशात घरच्यांनी भर घालावी आणि वाकड्या हँडलची, गिअरची सायकल घेऊन द्यावी असा त्याचा हट्ट आहे. त्याला चढ चढायचे आहेत, पुढेमागे शर्यतीत उतरायचे आहे. वडील म्हणतात, दोन महिन्यांचा पगार सायकलीत घालायचा का? बापलेकांत आठ दिवस अबोला आहे.

ताई, मुलाचे निम्मे खरे आहे. चढाला गिअर लागतो. महाग सायकल लागत नाही. दुकानात या दोन गोष्टी एकत्र बांधून विकतात, म्हणून घरात भांडण होते.

आधी गिअरचे पाहू. आपल्या साध्या काळ्या सायकलीच्या पुढच्या चक्राला साधारण ४४ दाते असतात, मागच्या फ्रीव्हीलला १८. पायडलचा एक फेरा मारला की सायकल साडेपाच मीटरच्या आसपास पुढे जाते. सपाट रस्त्यावर हे झकास. चढावर मात्र तोच फेरा मारायला अंगाचा सगळा भार पायडलवर टाकून उभे राहावे लागते आणि गुडघे बोलू लागतात. गिअरच्या सायकलीत सर्वांत हलक्या गिअरला पुढे ३४ आणि मागे ३२ दाते असले, तर एका फेऱ्यात ती सव्वादोन मीटरच सरकते. ताशी आठ किलोमीटरने चढायचे तर काळ्या सायकलीवर मिनिटाला चोवीस-पंचवीस जड फेरे पडतात, गिअरवर साठ हलके. काम तेवढेच. पण शंभर किलोची गोणी एकदम उचलणे वेगळे आणि दहा-दहा किलोच्या दहा खेपा करणे वेगळे. हमाली केलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

आता पैशाचे. मुलगा, सायकल आणि पाण्याची बाटली मिळून ७२ किलो धरू. जास्त पैसे मोजून दोन किलोने हलकी सायकल घेतली, तर ओझे ७० होते. पाऊण तासाच्या चढावर यातून वाचते सव्वा मिनिट. पहिल्या नंबरासाठी झगडणाऱ्याला ते सव्वा मिनिट सोन्याचे असेल. शिकणाऱ्या पोराला नाही. तेव्हा चांगल्या स्थितीतली जुनी गिअरची सायकल पाहावी. फ्रेमला तडा किंवा वेल्डिंग नको, चाक फिरवल्यावर डुगडुगता कामा नये, चेन सैल नको. उरलेल्या पैशातून आधी हेल्मेट घ्यावे.

गिअर म्हणजे चैन, असे वडिलांना वाटत असेल तर एक गंमत सांगतो. टूर द फ्रान्स ही जगातली मोठी सायकल शर्यत १९०३ साली सुरू झाली, पण चालत्या सायकलीवर गिअर बदलणारे यंत्र तिथे वापरायला परवानगी मिळाली ती १९३७ साली. तोपर्यंत डोंगर आला की स्पर्धक खाली उतरत आणि मागचे चाक काढून उलटे बसवत, कारण त्याच्या दुसऱ्या बाजूला जास्त दात्यांचे चक्र असे. भले भले पहिलवान हे करीत होते.

आपल्याकडची मोठी शर्यत म्हणजे १९४५ साली सुरू झालेली मुंबई-पुणे. तिच्यात बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब देतात. खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत दहा-बारा किलोमीटरात सुमारे पाचशे मीटर उंची चढावी लागते. याच घाटातून १८६३ साली रेल्वे वर गेली, तीही ३७ फुटांना एक फूट अशा चढणीने, आणि कर्जतला गाड्यांना मागून जादा इंजिने जोडतात. इंजिनाला ढकलण्याची लाज नाही, मग पोराने चढावर उतरून सायकल हातात धरली तर हसायचे कशाला?

पवईत सरावाला चढ शोधत हिंडायला नको. हिरानंदानीच्या डोंगराकडच्या रस्त्यांना चांगली चढण आहे. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर मात्र सराव नको, तिथे मोठ्या गाड्या फार. आरेच्या रस्त्याने अंधारात एकट्याने जाऊ नये, बिबट्याचा वावर आहे. तलावाकाठी सायकलसाठी वेगळा मार्ग व्हायचा होता. २०२२ च्या मे महिन्यात उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवले. तलावाच्या जिवाला ते बरेच झाले, असे आमचे मत आहे.

चढताना पोरे नेमकी एकच चूक करतात. पायथ्याशी जोर लावतात आणि अर्ध्यावर धापा टाकत उभी राहतात. सुरुवातीला इतके सावकाश जावे की शेजारच्याशी पुरे वाक्य बोलता यावे. वाक्य तुटू लागले की वेग कमी करावा. गिअर चढ लागण्यापूर्वीच हलका करावा. पायडलवर जोर असताना बदलला तर चेन कुरकुरते, कधी उतरते. सीटवर बसूनच चढावे, उभे राहायचे ते वळणावर चार-सहा फेरे, पाठीला आराम म्हणून. सीटची उंची अशी ठेवावी की टाच खालच्या पायडलवर टेकवली असता गुडघा सरळ होईल. आमच्या पाहण्यातल्या निम्म्या पोरांची सीट खालीच असते आणि दोष सायकलीला मिळतो. मुलगी शिकणार असेल तरी नियम हेच, तिला वेगळी ‘लेडीज’ युक्ती काही नाही.

खरी काळजी उताराची. चढावर माणूस थकतो, उतारावर मरतो. रिमला घासणारे ब्रेक सतत दाबून धरले तर रिम तापते, म्हणून दाबावे, सोडावे, पुन्हा दाबावे. दोन्ही ब्रेक वापरावेत, अंग जरा मागे घ्यावे आणि वळणाच्या आधीच वेग उतरवावा, वळणात नव्हे. पावसात ओली रिम उशिरा पकडते, तेव्हा वेग निम्मा ठेवावा.

ताई, पैसे मोजण्याआधी एक करा. एका रविवारी तिघेही बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जा. सोमवारी ते बंद असते. तिथे सायकली भाड्याने मिळतात. कान्हेरीच्या लेण्यांकडे जाणारा रस्ता सहा-सात किलोमीटरचा आहे आणि शेवटचा टप्पा चांगलाच उभा आहे. बुद्धपौर्णिमेला आपण तिथे जातोच. कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने तिथल्या शिलालेखांत कोरलेली आहेत, म्हणजे ही चढण माणसे जवळजवळ दोन हजार वर्षे चढत आली आहेत. मुलगा त्या टप्प्यावर किती टिकतो ते वडिलांना स्वतः पाहू द्या. त्यांनाही एक सायकल घ्यायला लावा. आधी कोण उतरला, ते आम्हाला जरूर कळवा.